बँकेंतील खातें आणि घरांतील माणूस

भिवंडींत पैसा फार हिंडतो. सूत येतें, मागावर चढतें, कापडाचे तागे होऊन बाहेर पडतें, आणि ह्या प्रत्येक पायरीवर कोणाच्या तरी खात्यांतून रक्कम निघून दुसऱ्या कोणाच्या खात्यांत पडते. यंत्रमागांच्या खडखडाटाला लागूनच आतां गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत. तालुक्यांतील आमणे गांवाशीं समृद्धि महामार्ग येऊन थांबला आहे. जमीन रस्त्यांत गेली कीं मोबदला येतो, आणि ज्या म्हाताऱ्यानें जन्मभर हजारांपलीकडचा हिशेब केला नाहीं त्याच्या पासबुकांत एके दिवशीं लाखांचा आंकडा उमटतो.

परंतु खातें ज्याचें, त्याच्या हातीं बँकेचें काम असतेंच असें नाहीं. तें काम करणारा घरांत बहुधा एकच असतो. कोठें पुतण्या, कोठें भाचा, कोठें जांवई. स्लिप तो भरतो, पासबुक तो छापून आणतो, कार्ड त्याच्या खिशांत असतें, आणि बँकेचे निरोपहि त्याच्याच मोबाईलवर येतात, कारण काकांना बारीक अक्षर दिसत नाहीं. ह्यांत गैर कांहीं नाहीं. घरें अशाच विश्वासावर चालतात. मग एखाद्या दिवशीं लग्नाचा खर्च काढावा म्हणून काका स्वतः शाखेंत जातात, आणि खिडकीवरचा कारकून सांगतो कीं खात्यांत तेवढी शिल्लक नाहीं.

त्या रात्रीं घरांत जी बैठक बसते तिच्यांतील प्रश्न ठरलेले असतात. हें त्यानें कां केलें? त्याच्या आईच्या जिवाला काय वाटेल? त्याच्या मुलीची सोयरीक ठरत आली आहे, तिचें काय? पैसे तो परत केव्हां करील? हे सर्व प्रश्न माणुसकीचे आहेत. कायदा मात्र त्यांपैकीं एकहि प्रथम विचारीत नाहीं. तो विचारतो कीं, बँकेला कळविलें केव्हां?

हा प्रश्न इतका महत्त्वाचा कां, हें समजण्यासाठीं बँकेंतील खातें म्हणजे काय तें आधीं पाहिलें पाहिजे. बँकेंत पैसे ठेवणें हें पेवांत धान्य ठेवण्यासारखें आहे अशी सर्वसाधारण समजूत असते. आपलें धान्य तेथें आहे, पेव दुसऱ्याच्या अंगणांत आहे एवढेंच. कायद्याची दृष्टि निराळी आहे. इंग्लंडांतील हाउस ऑफ लॉर्ड्सनें १८४८ सालीं एका खटल्यांत असें ठरविलें कीं, भरलेला पैसा त्या क्षणापासून बँकेचा होतो, आणि बँक ही खातेदाराची ऋणको होते. भारतांतील न्यायालयेंहि हेंच तत्त्व मानतात. खातेदार सावकार आणि बँक कर्जदार, असा हा उलटा संबंध आहे. खातेदारानें हुकूम दिला म्हणजे बँकेनें त्याच्या सांगण्याप्रमाणें कर्ज फेडावयाचें. चेक हा असा लेखी हुकूम होय.

आतां त्या चेकावरील किंवा स्लिपवरील सही खोटी असेल तर? मग खातेदाराचा हुकूमच नाहीं. बँकेनें रक्कम दिली ती स्वतःच्या पदरची दिली. काकांचें येणें जसेंच्या तसें उभें आहे. कायद्याच्या हिशेबीं पुतण्यानें काकांना लुटलें नाहीं, बँकेला फसविलें. घरांतल्या कोणाच्याहि ध्यानांत ही गोष्ट येत नाहीं, आणि पुढचे बरेचसे अनर्थ तेथूनच सुरू होतात.

ह्यावर बँकेचें एक ठरलेलें उत्तर असतें. “पासबुक तुमच्याकडे होतें, महिन्याच्या महिन्याला तपासलें कां नाहीं?” ह्या उत्तराचा निकाल सर्वोच्च न्यायालयानें १९८७ सालीं कॅनरा बँकेविरुद्धच्या एका खटल्यांत लावला आहे. एका कंपनीच्या हिशेबनिसानें चेकबुक आपल्या ताब्यांत असल्याचा फायदा घेऊन ४२ चेकांवर खोट्या सह्या केल्या आणि सवातीन लाखांहून अधिक रक्कम उचलली होती. कंपनीनें हिशेब नीट पाहिला असता तर चोरी लवकर उघडकीस आली असती, हें खरें. तरीहि न्यायालयानें सांगितलें कीं, केवळ हिशेब न तपासण्याच्या हयगयीमुळें खातेदाराचा हक्क बुडत नाहीं. खोट्या सहीवर पैसे दिल्याचा भार बँकेनें सोसावयाचा. म्हणजे ज्याला चोरी माहीत नव्हती त्याला कायदा सांभाळून घेतो. भोळेपणाला तो शिक्षा करीत नाहीं.

परंतु चोरी माहीत झाल्यावर जो गप्प बसला त्याचें काय? ह्याचें उत्तर ज्या खटल्यांत मिळतें तो भिवंडीपासून फार दूरचा, इंग्लंडांतला आहे. पण त्यांतलें घर कोठलेंहि असूं शकलें असतें. ग्रीनवुड विरुद्ध मार्टिन्स बँक ह्या नांवानें १९३३ च्या निवाड्यांच्या संग्रहांत तो छापला आहे. ग्रीनवुड नांवाच्या गृहस्थाचें खातें त्या बँकेंत होतें. पासबुक आणि चेकबुक बायको सांभाळीत असे. १९२९ च्या ऑक्टोबरांत त्याला कांहीं रक्कम काढावयाची होती, तेव्हां बायकोनें कबूल केलें कीं खात्यांत पैसे उरलेच नाहींत. त्याच्या नांवाच्या सह्या करून तिनें ते काढले होते. बहिणीच्या कोर्टकज्ज्यासाठीं दिले, असें तिनें सांगितलें, आणि बँकेला कळवूं नका म्हणून विनविलें. नवऱ्यानें ऐकलें. आठ महिने तो एक अक्षर बोलला नाहीं. १९३० च्या जूनमध्यें त्याला कळलें कीं बहिणीचा कज्जा वगैरे कांहीं नव्हतेंच. आतां मी बँकेंत जातों, असें त्यानें बायकोला सांगितलें. त्यानंतर तिनें गोळी झाडून घेऊन जीव दिला.

पुढें नवऱ्यानें बँकेवर दावा लावला. सह्या खोट्या होत्या ह्याबद्दल वाद नव्हता. बँकेनें खोट्या सहीवर पैसे दिले होते हेंहि निर्विवाद होतें. तरीहि शेवटच्या न्यायालयांत तो हरला. लॉर्ड टॉम्लिन ह्यांनीं दिलेल्या निर्णयाचा गाभा असा कीं, खोटी सही कळतांच ती बँकेला कळविणें हें खातेदाराचें कर्तव्य होतें. बोलणें कर्तव्य असतां जो गप्प बसतो त्याचें मौन हेंच “सह्या खऱ्या आहेत” असें सांगण्यासारखें होय. त्या मौनाच्या काळांत बँकेला बायकोवर फिर्याद लावतां आली असती. त्या वेळच्या कायद्याप्रमाणें नवऱ्यालाहि त्या फिर्यादींत जबाबदार धरलें जात असे, आणि बायकोच्या मृत्यूबरोबर तो मार्गच बंद झाला. नवऱ्याच्या गप्प बसण्यानें बँकेचें नुकसान झालें, म्हणून नवऱ्याचा हक्क गेला. बायको गेली, अब्रू गेली आणि पैसेहि गेले.

हे दोन निवाडे शेजारीं ठेवून वाचले म्हणजे रेषा कोठें आहे तें स्पष्ट दिसतें. चार वर्षें पासबुक उघडून न पाहणारा माणूस पैसे परत मागूं शकतो. पासबुक पाहून, ओळखून, पुतण्याच्या तोंडाकडे बघून आठ महिने थांबलेला माणूस ते गमावण्याचा संभव आहे. आपल्याकडे तर ह्या थांबण्याला सद्‌गुणाचें रूप आहे. झांकली मूठ सव्वा लाखाची, असें वडील माणसें सांगतात. दसऱ्यापर्यंत दम धरूं, त्याच्या भिशीचा नंबर लागला कीं देईल; शिमग्याला गांवीं सगळे जमतील तेव्हां बोलूं. ही समजूत सोयरिकींत कदाचित् खरी असेल. बँकेच्या व्यवहारांत मात्र झांकलेल्या मुठींतलेच पैसे दिवसेंदिवस कमी होत जातात.

आणि बँकेला कळविणें म्हणजे पुतण्याला बेड्या घालणें नव्हे. बँकेला जें पत्र द्यावयाचें तें चार ओळींचें असतें: अमुक खातें, अमुक तारखांना इतक्या इतक्या रकमा निघाल्या, त्या स्लिपांवरील सह्या खातेदाराच्या नाहींत, यापुढें खातेदार स्वतः आल्याखेरीज कोणासहि रक्कम देऊं नये. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर बँकेचा शिक्का, तारीख आणि सही घ्यावी. तोंडी सांगितलेलें पुढें कोणास आठवत नाहीं. मॅनेजर ओळखीचे आहेत, त्यांच्या कानांवर घातलें आहे, असें म्हणून परत फिरणारीं घरें पुष्कळ आहेत. पण मॅनेजरांची बदली होते आणि शिक्क्याची प्रत घरांत राहते.

येथपर्यंत खोट्या सहीचा विचार झाला. पण आज बहुतेक घरांत सही खोटी करावीच लागत नाहीं. कार्ड घरच्या माणसाच्या हातीं खातेदारानेंच दिलेलें असतें; पिनहि त्यानेंच सांगितलेला असतो, कधीं कधीं तर तो पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेला असतो! येथें पारडें फिरतें. रिझर्व्ह बँकेनें ६ जुलै २०१७ रोजीं एक परिपत्रक काढलें, आणि त्याच वर्षीं १४ डिसेंबरला सहकारी बँकांसाठीं तसेंच दुसरें काढलें. खातेदाराची आणि बँकेचीहि चूक नसतां बाहेरच्या कोणीं यंत्रांतून पैसे पळविले, आणि बँकेचा निरोप मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तक्रार दिली, तर खातेदारानें कांहींच सोसावयाचें नाहीं, असें त्यांत ठरविलें. चौथ्यापासून सातव्या दिवसापर्यंत त्यानें ठराविक मर्यादेपर्यंत सोसावें, आणि त्यानंतर बँकेच्या धोरणाप्रमाणें. मात्र खातेदारानेंच पिन किंवा तसा गुप्त आंकडा दुसऱ्याला दिला असेल, तर कळवीपर्यंतचें सर्व नुकसान त्याचें. कळविल्यानंतरचें सर्व नुकसान बँकेचें. असे नियम वेळोवेळीं सुधारले जातात, म्हणून दिवसांची आणि रकमेची चालू मर्यादा आपल्या शाखेंतच विचारून घ्यावी हें बरें. परंतु कळविण्याच्या क्षणाला येथें किती किंमत आहे तें पहा. पुतण्याजवळ कार्ड आहे, तो रोज थोडथोडे काढतो आहे, आणि घरांत बैठकी चालल्या आहेत. बैठकीच्या पहिल्या रात्रींच कार्ड बंद केलें तर उद्यांचे पैसे वांचतात. चवथ्या बैठकीनंतर केलें तर मधल्या तिन्ही बैठकींचा खर्च खातेदाराच्याच अंगावर पडतो.

कार्ड बंद करण्यास बँक उघडण्याची वाट पाहावी लागत नाहीं. कार्डाच्या पाठीवर छापलेल्या क्रमांकावर रात्रींहि सांगतां येतें. पैसे मोबाईलवरून दुसऱ्या खात्यांत गेले असतील तर १९३० ह्या सरकारी क्रमांकावर ताबडतोब कळविल्यास, ते पुढच्या खात्यांतून उचलले जाण्यापूर्वीं अडविण्याची खटपट करतां येते. खात्याशीं जोडलेला मोबाईलचा क्रमांक मात्र प्रथम बदलून घ्यावा. नाहीं तर नव्या कार्डाचा निरोपहि पुतण्याच्याच हातीं पडावयाचा.

अंगठा उठविणाऱ्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. आजारी किंवा अंथरुणाला खिळलेल्या खातेदाराचा अंगठा स्लिपवर घेतल्यास दोन साक्षीदारांनीं तो ओळखावा, आणि त्यांपैकीं एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. घरीं आजीचा अंगठा उठवून आणला आणि खिडकीवर पैसे मिळाले, असें झालें असेल, तर तो दुसरा साक्षीदार कोण होता हें विचारण्याचा हक्क आजीला आहे. आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा ह्यांवर दुकानांतल्या यंत्रांतून पैसे देण्याची सोयहि आतां सर्वत्र झाली आहे. ठसा नको तेव्हां कुलुपबंद ठेवण्याची व्यवस्था आधारच्या खात्यानेंच केलेली आहे.

संयुक्त खात्यांत मात्र बँकेला बोल लावण्यास जागा फार थोडी. “दोघांपैकीं कोणीहि एक” अशा शर्तीवर काढलेल्या खात्यांतून जांवयानें सगळी शिल्लक उचलली, तरी बँकेनें शर्तीप्रमाणेंच पैसे दिले. मूळ पैसा कोणाचा हा प्रश्न मग सासरा आणि जांवई ह्यांच्यांतील दिवाणी दावा होतो. ज्याला धोका दिसला त्या खातेदारानें एकट्यानें लेखी हरकत दिली तरी बँका बहुधा दोघांची संमति येईपर्यंत व्यवहार थांबवितात. पैसे उचलण्यापूर्वीं ती दिली तरच तिचा उपयोग. म्हातारपणीं सोय व्हावी म्हणून दुसऱ्याचें नांव खात्यांत घालणारे जे आहेत त्यांना हवी असते ती बहुधा वारसाची नोंद. ती नोंद खातेदाराच्या हयातींत कोणाला एक पैसाहि काढूं देत नाहीं.

सासरीं सुनेचें खातें नवऱ्यानें किंवा दिरानें चालविणें हा प्रकार तर इतका रूढ आहे कीं त्याला फसवणूक म्हणावें असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. कायद्याच्या मनांत मात्र तें आलेलें आहे. १९८५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें स्त्रीधनाच्या प्रकरणांत सांगितलें कीं, बायकोनें सोंपविलेलें तिचें धन नवऱ्यानें परत न केल्यास तो विश्वासघाताचा गुन्हा होऊं शकतो. लग्नानें तिचें धन त्याचें होत नाहीं. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखालीं तर नवऱ्यानें अमुक खातें चालवूं नये असा मनाई हुकूम मॅजिस्ट्रेटला देतां येतो.

ह्याच्या उलट बाजूचें एक प्रकरण आहे. त्यांत खातेदाराचे पैसे जात नाहींत, दुसऱ्याचे येतात. मेहुणा म्हणतो, “चार दिवस तुमच्या खात्यांत रक्कम पडूं द्या, मग काढून घेतों.” ८ नोव्हेंबर २०१६ रोजीं मोठ्या नोटा रद्द झाल्या, तेव्हां असे मेहुणे देशभर निघाले. बेनामी व्यवहारांचा सुधारलेला कायदा त्याच महिन्याच्या १ तारखेला अंमलांत आला होता, आणि त्यांत एक ते सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगितली होती. आज त्या मेहुण्याला नोटांची अडचण नसते. कोठें तरी कोणाला तरी फसवून मिळविलेला पैसा वाटेंत फिरविण्यासाठीं त्याला निर्मळ खातें हवें असतें. मग परक्या राज्यांतील पोलीसांचें पत्र येतें आणि खातें गोठतें. खातें ही जप्त करतां येण्याजोगी मालमत्ता आहे, हें महाराष्ट्र राज्यानेंच सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलेल्या एका खटल्यांत १९९९ सालीं ठरलें आहे. गोठलेल्या खात्यांत त्या मागवाल्याचा आठवड्याचा पगारहि अडकतो. मेहुण्यानें काय सांगितलें होतें तें मोबाईलवर लेखी असेल तर तें पुसून टाकूं नये. खातेदाराच्या अजाणतेपणाचा पुरावा बहुधा तेवढाच असतो.

राहिला पोलीसांचा प्रश्न, ज्याला घर सर्वांत अधिक भितें. भिवंडी ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दींत येते, आणि तक्रार जवळच्या ठाण्यावर देतां येते. १ जुलै २०२४ पासून घडलेल्या कृत्यांस भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्यापूर्वींच्या कृत्यांस जुना दंडविधान. चेकावर खोटी सही करणें हा गुन्हा हलका नाहीं, संहितेच्या ३३८ व्या कलमांत त्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगितली आहे, आणि तो आपसांत मिटविण्याजोगाहि नाहीं. फसवणुकीचा व विश्वासघाताचा गुन्हा न्यायालयाच्या परवानगीनें मिटवितां येतो. शिवाय २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगून ठेविलें आहे कीं, मूळ वाद खासगी किंवा कौटुंबिक स्वरूपाचा असून दोन्ही बाजूंनीं खरी तडजोड केली असेल, तर एरवीं न मिटणारा खटलाहि उच्च न्यायालय रद्द करूं शकतें. म्हणजे दार एकदां उघडलें कीं परतीची वाट कायमची बंद होते, ही भीति सर्वस्वीं खरी नाहीं. एक गोष्ट मात्र करूं नये. पुतण्याचें नांव ठाऊक असतां तक्रारींत “अज्ञात इसम” लिहूं नये. बँकेच्या दाराशीं कॅमेरा असतो. दुसऱ्या आठवड्यांत तो अज्ञात इसम ज्ञात होतो, आणि मग खोटें सांगितल्याचा ठपका काकांवर येतो.

बँकेनें तक्रारीचें उत्तर तीस दिवसांत दिलें नाहीं किंवा दिलेलें पटलें नाहीं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जातां येतें. तेथें फी नाहीं आणि वकिलाची गरज नाहीं. ग्राहक आयोगाकडे जाण्यास दोन वर्षांची मुदत आहे.

पुतण्या पैसे परत करण्यास तयार झाला, असेंहि अनेकदां होतें. अशा वेळीं कागद करावा. किती रक्कम, कोणत्या तारखांना काढलेली, हप्ते किती व केव्हां, हें त्यांत असावें आणि त्यावर त्याची सही व दोन साक्षी असाव्या. हप्ता रोख घेऊं नये. ज्या खात्यांतून गेला त्याच खात्यांत चेकानें भरून घ्यावा, म्हणजे पासबुकच पावती होतें. बँकेनें भरपाई दिली असेल तर त्या हप्त्यांची माहिती बँकेसहि द्यावी लागते, कारण एकच रक्कम दोघांकडून घेण्याचा अधिकार काकांना नाहीं. आणि कार्ड, चेकबुक व पासबुक हीं तिन्ही पहिल्या हप्त्यापूर्वीं काकांच्या हातांत परत आलेलीं असावीं.